मदत हवी आहे: स्ट्रोक पेशंटच्या गिळण्याच्या गाइडलाइन वॉर्डात पाळून घ्यायच्या कशा?

नमस्कार मंडळी, मी स्पीच थेरपिस्ट, जिल्ह्याच्या गावी एका हॉस्पिटलात, डिपार्टमेंटला मी एकटीच. गिळण्याची तपासणी झाल्याशिवाय स्ट्रोकच्या पेशंटला पाणी, जेवण, गोळ्या काहीच तोंडावाटे द्यायचं नाही हे सिस्टर, डॉक्टर सगळ्यांना पटतं. पण पेशंट येतो रात्री ११ ला आणि मी सकाळी ९ ला, तोवर घरच्यांनी चमचा चमचा पाणी पाजलेलं असतं, घसा सुकलाय म्हणत होते हो.

परवा एका आजोबांना आयडीडीएसआय (पेय किती घट्ट हवं ते ठरवणारी आंतरराष्ट्रीय मोजपट्टी) लेव्हल २ दिलं होतं. थिकनरचा (पाणी घट्ट करायच्या पावडरीचा) डबा परवडणारा नव्हता म्हणून घरची तांदळाची पेज गाळून घेतली, सूनबाईंसमोर १० एमएलच्या सिरिंजमधे भरून खालच्या तोंडावरचं बोट काढलं, १० सेकंदांनी ५ एमएल उरली, बरोबर लेव्हल २. दुपारी जाऊन बघते तर तीच पेज गार होऊन घट्ट झालेली, आता ९ उरली म्हणजे लेव्हल ३, आणि सूनबाईंनी बिचाऱ्यांनी काळजीपोटीच वाटीत वरून पाणी घालून ती पाजली होती, किती घातलं ते त्यांनाही सांगता येईना. आजोबांना ठसका लागला, नंतर आवाज घशात पाणी असल्यासारखा ओला येत होता. छाती क्लिअर निघाली पण मला त्या रात्री झोप लागली नाही. चूक सूनबाईंची नाहीच, गरम असतानाच मोजायची आणि तेवढ्यातच संपवायची हे मी सांगायला हवं होतं.

तर विचारायचं असं की नाइटच्या सिस्टरच पाणी पाजून स्क्रीनिंग करतात असं कुणाकडे खरंच चालू आहे का, आणि त्यांची ड्यूटी बदलली की पुढच्यांना कोण शिकवतं?

दुसरं, बेडवरच्या कार्डावर मराठीत लेव्हल कशा लिहिता? किंचित घट्ट लिहिलं तर जो तो आपल्या मनाने ठरवतो, ताकासारखं लिहावं तर प्रत्येकाच्या घरचं ताक वेगळं.

आणि सिरिंजचं काय करता? शून्य ते १० च्या खुणांमधलं अंतर ६१.५ मिमी हवं, आमच्या स्टोअरमधल्या सिरिंज पट्टीने मोजल्या तर कमी भरतात, म्हणून मी माझी वेगळी विकत आणलीये, पण ती माझ्याच बॅगेत असते ना.

कार्डाचा नुसता फोटो टाकलात तरी चालेल, सोमवारी वॉर्डात नवीन सिस्टर येतायत, त्याआधी लावायचंय.