नवी ई-स्कूटर पाचव्यांदा बंद पडली. आता दुरुस्ती नको, पैसे परत हवेत

पंचगंगाकाठ: सात महिन्यांपूर्वी बायकोच्या नावावर ई-स्कूटर घेतली. ती रोज पन्हाळ्याच्या बाजूला शाळेत शिकवायला जाते. पाच वेळा चढावर गाडी अचानक बंद पडली. शेवटच्या वेळी स्क्रीनवर ३२ टक्के चार्ज दिसत होता. भर पावसात ती गाडी ढकलत होती आणि मागून ट्रक येत होते. मी टेम्पो घेऊन पोचलो तेव्हा तिचे हात थरथरत होते.

शोरूमनं पाचही वेळा जॉब कार्डावर एकच लिहिलं: 'सॉफ्टवेअर अपडेट, टेस्ट राइड ओके.' आता सहावी दुरुस्ती मी घेणार नाही. २०१९ च्या ग्राहक संरक्षण कायद्यात गाडी बदलून देणं, व्याजासह किंमत परत करणं, नुकसानभरपाई, सगळं आहे. पाच लाखांपर्यंतच्या वस्तूला तक्रारीची फी नाही. कंपनी कुठलीही असो, आपण राहतो त्या जिल्ह्यात दाद मागता येते. लोक चिडून गाडी शोरूमच्या दारात आणून लावतात, व्हिडिओ टाकतात, पण तक्रार दाखल करत नाहीत. माझ्या मते पैसेच परत मागावेत. तुमचं काय मत?

उद्यमनगरचा फिटर: दादा, वहिनींना त्रास झाला तो चुकीचाच. पण अख्ख्या गाडीचे पैसे मागणं मला पटत नाही. बॅटरीत सेलचे गट एकामागोमाग जोडलेले असतात. त्यातला एक गट कमजोर असला तर सपाट रस्त्याला काही कळत नाही. चढावर मोटर जास्त करंट ओढते, त्या गटाचा व्होल्टेज कोसळतो आणि बीएमएस, म्हणजे बॅटरीवर लक्ष ठेवणारं सर्किट, पुरवठा तोडतं. टक्केवारी हा नुसता अंदाज असतो, म्हणून ३२ दिसतात. शोरूमवाला गाडी सपाट रस्त्यावर फिरवून 'ओके' लिहितो. तो खोटं बोलत असेलच असं नाही, त्यानं चढावर बघितलेलीच नसते. बॅटरीचा पॅक बदलला की प्रश्न मिटतो. चाकं, चासी, मोटर चांगली असताना गाडी परत कशाला?

शाहूपुरीकर: फिटरभाऊ, मग पाच वेळा पॅक का नाही बदलला? तुम्हाला चार ओळींत कळलं ते कंपनीला सात महिन्यांत कळू नये?

पण मूळ धाग्याशीही मी सहमत नाही. ग्राहक आयोगानं तीन महिन्यांत, तपासणी लागली तर पाच महिन्यांत निकाल देण्याचा प्रयत्न करावा, असं कायदा म्हणतो. माझ्या मामांची फ्रिजची केस तीन वर्षं चालली. तोवर हप्ते कुणी भरायचे? अमेरिकेत बऱ्याच राज्यांत नव्या गाड्यांसाठी वेगळा कायदा आहे. ठरावीक वेळा दुरुस्ती फसली किंवा गाडी ठरावीक दिवस गॅरेजात पडून राहिली, की बदली नाहीतर परतावा. आपल्याकडं असा आकडाच नाही, म्हणून शोरूमवाले अपडेटवर अपडेट मारत बसतात. भांडायचं तर त्या आकड्यासाठी भांडूया.

कसबा बावड्याची वकील: तो आकडा यायचा तेव्हा येईल. ताईंना उद्या शाळेत जायचंय.

दादा, आधी एक इशारा. मारुती उद्योगच्या खटल्यात सर्वोच्च न्यायालयानं २००६ मध्ये म्हटलं आहे, की वॉरंटीत सदोष भाग बदलण्याची अट असेल तर गाडीच बदलून द्या असं म्हणता येत नाही. कंपनीचा वकील तोच निकाल पहिल्यांदा पुढं करेल. म्हणून नुसतं 'पैसे परत' मागू नका. पर्यायी मागणीही लिहा: पैसे परत, ते नाही तर नवा पॅक, त्यावर नव्यानं वॉरंटी आणि गाडी बंद होती त्या दिवसांची भरपाई.

फिटरभाऊ पॅकला सुटा भाग म्हणतात, ते मला मान्य नाही. ई-गाडीच्या किमतीतला मोठा हिस्सा पॅकचाच असतो, आणि तो चढावर दगा देत असेल तर पन्हाळ्याच्या वाटेवर त्या गाडीचा उपयोग काय? हा युक्तिवाद मी जीव तोडून करेन.

तक्रारीत उत्पादक आणि विक्रेता दोघांनाही सामनेवाले, म्हणजे विरुद्ध पक्ष, करा. एकाचा दोष आपोआप दुसऱ्याच्या माथी येत नाही, हे टाटा मोटर्सच्या खटल्यात २०२१ मध्ये स्पष्ट झालंय. आयोगाकडं प्रयोगशाळेतल्या तपासणीची मागणी करता येते. तक्रार दाखल करायची मुदत दोन वर्षांची आहे, पण थांबू नका. १९१५ या राष्ट्रीय ग्राहक हेल्पलाइनवर तक्रार नोंदवून क्रमांक जपून ठेवा.

रविवार पेठ: आमच्या गाडीला 'पाणी गेलंय' म्हणून वॉरंटी नाकारली. आयपी ६७ लिहिलेला पॅक म्हणजे एक मीटर पाण्यात अर्धा तास टिकायला हवा. आमची गाडी फक्त पावसात उभी होती. नकार लेखी मागितला तर 'तसं देत नाही' म्हणाले.

कसबा बावड्याची वकील: त्याच दिवशी ईमेल करा: 'आज आपण अमुक कारणानं वॉरंटी नाकारली.' उत्तर आलं नाही तरी तो कागद उपयोगी पडतो.

पंचगंगाकाठ: ताई, पर्यायी मागणीचं पटलं. पण पहिली मागणी पैशांचीच राहील. बायको त्या गाडीवर पुन्हा बसायला तयार नाही, आणि तिला बस म्हणायची माझी छाती होत नाही. पाचही जॉब कार्डांवर 'काम समाधानकारक' खाली सही आमचीच आहे, हे आज पहिल्यांदा बघितलं.

उद्यमनगरचा फिटर: सही झाली ती झाली. सहाव्यांदा गाडी देताना जॉब कार्डावर लिहून घ्या: 'दोन माणसं, चढ, चार्ज ३५ टक्के, गाडी बंद.' त्यांचा माणूस मागं बसवून जोतिबाचा घाट चढा आणि व्हिडिओ काढा. हवं तर रविवारी मी येतो. माझं मत अजून पॅकचंच आहे, पण गाडी बंद पडली तर आयोगापुढं तसं सांगायला मी उभा राहीन.