यूकेच्या विद्यापीठाचं ‘नॉन-रिफंडेबल’ डिपॉझिट: परत मागता येतं का?

पार्ले_पूर्व | १६ जुलै, रात्री ९:४०

मुलीने इंग्लंडमधल्या एका विद्यापीठाची एमएस्सीची ऑफर ३ जुलैला पोर्टलवर स्वीकारली. ९ तारखेला माझ्या खात्यातून ४,५०० पाउंड डिपॉझिट गेलं. आता दुसरीकडची ऑफर आल्याने तिला इथे जायचं नाही. कॅस (व्हिसासाठी विद्यापीठ देतं ते प्रवेशनिश्चितीचं पत्र) निघालेलं नाही, व्हिसाचा अर्जही केलेला नाही. ऑफर लेटरमध्ये स्पष्ट छापलंय की व्हिसा नाकारला तरच डिपॉझिट परत, एरवी नाही.

शिवाय खासगी स्टुडंट हॉस्टेलची खोली: आठवड्याला २१० पाउंड, ४४ आठवडे, ऑनलाइन सही झालेली, २५० पाउंड इथल्या बँकेच्या क्रेडिट कार्डने भरलेले. आणि अंधेरीच्या एजंटला ४७,२०० रुपये जीएसटी धरून. तिघंही म्हणतात, काही मिळणार नाही. करारावर इंग्लंडचा कायदा लागू आहे असं लिहिलंय. तिकडच्या कलम ७५ खाली कार्ड कंपनीकडून पैसे मिळतात असं वाचलं. नक्की कुठून सुरुवात करू?

फोर्ट_ते_चर्चगेट | रात्री १०:०५

बाकी सगळं नंतर, आधी तारखा मोजा.

ऑनलाइन झालेल्या ग्राहक कराराला तिकडे २०१३ चे कन्झ्युमर कॉन्ट्रॅक्ट्स रेग्युलेशन्स लागू होतात. सेवेच्या करारात करार झाला तो दिवस सोडून पुढचे १४ दिवस काहीही कारण न देता करार रद्द करता येतो. ऑफर ३ तारखेला स्वीकारली, म्हणजे पहिला दिवस ४ जुलै आणि शेवटचा १७. उद्या! लंडनची मध्यरात्र म्हणजे आपल्याकडे १८ तारखेच्या पहाटेचे साडेचार, पण तिथवर ताणू नका. मुदतीच्या आत मेल पाठवला गेला की पुरे, त्यांनी तो कधी वाचला याने फरक पडत नाही.

‘नॉन-रिफंडेबल’ लिहून हा हक्क काढून घेता येत नाही. रद्द केल्याचं त्यांना कळल्यापासून १४ दिवसांत, ज्या मार्गाने पैसे आले त्याच मार्गाने परत द्यावे लागतात, रद्द करण्याची फी न लावता.

मेल लिहिताना इथे बहुतेकांचं चुकतं:

१. मेल मुलीच्या नावाने, तिने पोर्टलला दिलेल्या ईमेलवरूनच जाऊ दे. करार तिचा आहे. पैसे तुमच्या खात्यातून गेले म्हणून तुम्ही करारातले पक्ष होत नाही, आणि वडिलांचा मेल ‘डेटा प्रोटेक्शन’च्या नावाखाली बाजूला ठेवतात.

२. ‘रिफंड मिळेल का’ असं विचारू नका. ‘३ जुलैला झालेला करार मी रद्द करत आहे’ असं सरळ विधान हवं. प्रवेश पुढे ढकलायची विनंती म्हणजे रद्द करणं नव्हे, ती चुकूनही त्यात घालू नका.

३. अर्ज क्रमांक, कोर्सचं नाव, ऑफर स्वीकारल्याची तारीख, भरलेली रक्कम. कॅस काढू नका, हेही त्यातच लिहा. कारण देण्याची गरज नाही. दिलंत तर ते त्यावरच वाद घालत बसतील.

४. अ‍ॅडमिशन्स आणि फायनान्स दोघांना पाठवा, पोर्टलवरही तोच मजकूर टाका, स्क्रीनशॉट ठेवा.

पार्ले_पूर्व | रात्री १०:२२

मेल लिहितोय. पण १४ दिवसांचा उल्लेख ऑफर लेटरमध्ये कुठेच नाही. खाली ‘संपूर्ण अटी येथे पाहा’ अशी लिंक आहे, त्या पानावर आहे म्हणे. आणि डिपॉझिट ९ ला भरलं, मग दिवस ९ पासून धरायचे का?

फोर्ट_ते_चर्चगेट | रात्री १०:३१

काही विद्यापीठं डिपॉझिट भरणं हीच स्वीकृती मानतात. तसं असेल तर मुदत २३ पर्यंत जाते. पण दोन तारखांत शंका असली की आधीची पकडायची. आज पाठवा.

लिंकचा मुद्दा तुमच्या बाजूचा आहे. रद्द करण्याच्या हक्काची माहिती ग्राहकाला जपून ठेवता येईल अशा रूपात, पीडीएफ किंवा मेलमधून, द्यावी लागते. नुसती लिंक दिली म्हणजे माहिती दिली असं होत नाही, असा युरोपीय न्यायालयाचा २०१२ चा निवाडा आहे. माहिती दिलीच नसेल तर १४ दिवसांची मुदत आणखी १२ महिन्यांनी वाढते. मात्र हे पुढे भांडायची वेळ आली तर वापरायचं. त्याच्या भरवशावर उद्याचा दिवस घालवू नका.

कलमवाली_ठाणे | रात्री १०:५०

वरचं बरोबर आहे. पण असा प्रश्न मुदत उलटून गेल्यावर विचारणारे जास्त, म्हणून दुसरा रस्ताही लिहिते.

कन्झ्युमर राइट्स अ‍ॅक्ट २०१५ चं कलम ६२: प्रामाणिक व्यवहाराला सोडून जी अट दोन्ही बाजूंच्या हक्कांचा तोल ग्राहकाच्या विरोधात ठळकपणे बिघडवते, ती ग्राहकावर बंधनकारक नाही. बाकीचा करार टिकतो. त्याच कायद्याच्या शेड्यूल २ मध्ये संशयास्पद अटींची यादी आहे. ग्राहकाने माघार घेतली तर पैसे जप्त, पण संस्थेने माघार घेतली तर ग्राहकाला तेवढीच भरपाई नाही, ही अट त्यात आहे. न दिलेल्या सेवेसाठी अवाच्या सवा रक्कम मागणं, हेही आहे. ‘ही तर किंमत आहे, किंमतीवर कोर्ट बोलत नाही’ हा बचाव यादीतल्या अटींना चालत नाही.

यादीत आली म्हणून अट आपोआप रद्द होत नाही, हे मात्र लक्षात ठेवा. पार्किंगआय विरुद्ध बीव्हिस या २०१५ च्या खटल्यात तिथल्या सर्वोच्च न्यायालयाने ८५ पाउंडांचा पार्किंग दंड वैध ठरवला, कारण कंपनीचा त्यात रास्त हितसंबंध होता आणि पाट्या मोठ्या होत्या. विद्यापीठही म्हणेल, आम्ही जागा अडवून ठेवली. तेव्हा विचारायचं: जागा अडवायचा खर्च ४,५०० पाउंड कसा? जुलैत सोडलेली जागा भरता येत नाही का? अट न्याय्य आहे का हे करार झाला त्या वेळची परिस्थिती बघून ठरतं. नंतर घरी काय अडचण आली, याचा त्या कसोटीशी फारसा संबंध नाही. लोक पानभर तेच लिहितात.

तिथल्या ओआयएकडे (विद्यापीठांविरुद्धच्या तक्रारी पाहणारी स्वतंत्र संस्था) जा असं कोणी सुचवेल. ती यंत्रणा विद्यार्थ्यांसाठी आहे, प्रवेशाच्या तक्रारी घेत नाही. दावा छोटा असेल तर काउंटी कोर्टाचा स्मॉल क्लेम्स ट्रॅक आहे, मर्यादा १०,००० पाउंड. हरलात तरी समोरच्याच्या वकिलाचा खर्च सहसा अंगावर येत नाही. आधी दाव्यापूर्वीचं पत्र द्यायचं, साध्या प्रकरणात उत्तराला १४ दिवस. मुंबईत बसून दावा लावायचा तर नोटिसा घेण्यासाठी यूकेमधला एक पत्ता मात्र लागतो.

पार्ले_पूर्व | रात्री ११:२०

मेल गेला, ११:१५ ला. लगेच ऑटो-रिप्लायही आला. खोली आणि एजंटचं सांगा.

बेस्ट_४४० | रात्री ११:४८

खोलीची बातमी वाईट आहे. राहण्यासाठी भाड्याने घेतलेली जागा त्या १४ दिवसांच्या नियमांतून वगळलेली आहे. त्यामुळे कराराच्या आतच दार शोधावं लागेल: ‘नो प्लेस’, ‘नो व्हिसा’ किंवा ‘बदली भाडेकरू’ अशा नावाची अट. तिला बहुधा ठरावीक तारीख असते आणि सोबत विद्यापीठाचं पत्र मागतात. ‘नो प्लेस’ म्हणजे प्रवेश मिळाला नाही. स्वतः प्रवेश सोडलेला त्यात बसेलच असं नाही, शब्द नीट वाचा.

नाहीच सुटलं तर पूर्ण ९,२४० पाउंडांचं दायित्व डोक्यावर राहू शकतं. ‘त्यांनी दुसरा विद्यार्थी शोधायला हवा’ हे आपल्याला पटतं, पण तिथल्या अपील न्यायालयाने २००६ मध्ये राइकमन विरुद्ध बेव्हरिज खटल्यात म्हटलं की भाडेकरू निघून गेला तरी दुसरा शोधायला घरमालक बांधील नाही. तो खटला व्यापारी जागेचा होता, तरी हॉस्टेलवाले तोच दाखवतात. म्हणून बदली विद्यार्थी स्वतःच शोधा, त्या शहरात जाणाऱ्या मुलांचे व्हॉट्सअ‍ॅप ग्रुप आत्ता भरलेले असतात. अन्याय्य अटींचा २०१५ चा कायदा भाडेकरारालाही लागू आहे, तो शेवटचा उपाय.

कलम ७५ विसरा. ते तिथल्या १९७४ च्या कन्झ्युमर क्रेडिट अ‍ॅक्टमधलं आहे, तिथल्या कायद्याखाली दिलेल्या क्रेडिटसाठी. इथल्या बँकेच्या कार्डाला फार तर चार्जबॅक (बँकेमार्फत व्यवहार उलटवून पैसे परत मागणं), आणि ‘मन बदललं’ हे त्याचं कारण होत नाही.

एजंटचं प्रकरण पूर्ण इथलं. पावती आणि कराराची प्रत काढा, कोणती कामं कबूल केली आणि कोणती झाली याची यादी करा. व्हिसाचं काम सुरूच झालं नसेल तर तेवढ्या हिश्श्याची लेखी मागणी करा, १५ दिवस द्या. नाही ऐकलं तर १९१५ या ग्राहक हेल्पलाइनवर तक्रार, मग ई-जागृती पोर्टलवरून जिल्हा ग्राहक आयोग. तक्रारदार जिथे राहतो तिथेच तक्रार करता येते, म्हणजे तुमच्यासाठी वांद्र्याचा उपनगर जिल्हा आयोग. मुदत २ वर्षं, ५ लाखांपर्यंत फी नाही. एजंट ‘शिक्षणसंस्था ग्राहक कायद्यात येत नाहीत’ म्हणेल. राष्ट्रीय ग्राहक आयोगाने २०२० मध्ये तसं म्हटलंय खरं, पण ते शिक्षणसंस्थांबद्दल. एजंट काही कॉलेज चालवत नाही.

फोर्ट_ते_चर्चगेट | १७ जुलै, सकाळी ८:१०

ऑटो-रिप्लाय हेडरसकट पीडीएफ करून ठेवा. मेल पोचला तेव्हा तिकडे १६ तारखेची संध्याकाळ होती, म्हणजे पैसे परत द्यायची त्यांची शेवटची तारीख ३० जुलै. ‘रिफंड फॉर्म भरा, सहा ते आठ आठवडे लागतील’ असं उत्तर येईल. फॉर्म भरा, पण त्यात ‘कारण’ या रकान्यात फक्त ‘१४ दिवसांच्या आत करार रद्द’ एवढंच लिहा, आणि ३० तारीख त्याच मेलमध्ये कळवून टाका.