भिशी बुडवणाऱ्याला देवाने क्षमा केली. बायकांच्या पैशांचं काय?

होटगीरोडकर (धागाकर्ता):
अक्कलकोट रोडच्या बाजूला विड्या वळणाऱ्या बायकांची भिशी होती. चालवणाऱ्या गृहस्थाने ती बुडवली आणि सोलापूर सोडलं. काही वर्षांनी परत आला, बाप्तिस्मा घेतला. आता उपासनेत उभा राहून साक्ष देतो की ख्रिस्ताच्या रक्ताने माझं सगळं पाप धुतलं गेलं. त्या भिशीतली एक बाई तिथेच मागच्या बाकावर बसलेली असते. तिने पैशांचा विषय काढला तर म्हणाला, "तो माणूस मेला, मी आता नवा आहे."

मी ख्रिस्ती घरातलाच. तारण म्हणजे पापातून सुटका फुकट मिळते, कमावता येत नाही, हे मी मनापासून मानतो. पण बायबलमधली जक्कयाची गोष्ट वाचा, तो श्रीमंत जकातदार होता. येशू अट न घालता त्याच्या घरी गेला. मग जक्कय उठून म्हणाला, अर्धी मालमत्ता गरिबांना देतो आणि कोणाचं लुबाडून घेतलं असेल तर चौपट परत करतो. यानंतरच येशू म्हणतो, आज या घराला तारण झालं आहे. परतफेडीने तारण विकत मिळत नाही. पण तारण झालेल्या माणसाला दुसऱ्याचे पैसे दाबून बसवतच नाही, असं माझं ठाम मत आहे.

फक्त_कृपा:
पूर्ण असहमत. येशूच्या शेजारी वधस्तंभावर असलेल्या चोराने कोणाचे पैसे परत केले होते? त्यालाही त्याच दिवशी सुखलोकाचं वचन मिळालं. बायबलमधल्या स्तोत्र ५१ मध्ये दावीद राजा देवाला म्हणतो, मी फक्त तुझ्याविरुद्ध पाप केलंय. ज्याची बायको घेतली त्या उरीयाला तर त्याने मारवलं होतं, त्याची भरपाई कशी करणार? आज तुम्ही भिशी म्हणताय, उद्या प्रभुभोजनाआधी पावती मागाल. १५१७ मध्ये जर्मनीत धर्मसुधारक लूथर उभा राहिला तो पैसे देऊन मिळणाऱ्या पापमोचनाच्या विरोधातच ना?

होटगीरोडकर:
दादा, त्या चोराचे हात खिळलेले होते. तरी तोंडाने जे करता येत होतं ते त्याने केलं: आमची शिक्षा रास्त आहे असं कबूल केलं. आपल्या गृहस्थाचे हात मोकळे आहेत. दाविदाला नाथान संदेष्टा म्हणाला की देवाने तुझं पाप दूर केलंय, पण तलवार तुझ्या घरातून हटणार नाही, हेही त्यानेच सांगितलं. आणि लूथरच्या काळातला तो पैसा चर्चकडे जात होता, रोममधल्या बांधकामासाठी. इथे पैसे ज्यांचे आहेत त्यांनाच द्यायचेत.

तळ्याकाठचा:
मी लिंगायत. माझी अडचण मुळातच आहे. पाप एकाने करायचं आणि शिक्षा निरपराध माणसाने भोगायची, यात न्याय कुठे आला? केलेलं ज्याचं त्यानेच फेडायचं. आमच्या सोलापूरच्या संत सिद्धरामेश्वरांनी तळं खोदवलं ते लोकांना पाणी मिळावं म्हणून. माणसाचं देणं बाजूला ठेवून देवाकडे जाण्याची वाट आम्हाला कोणी दाखवली नाही.

सातरस्ता:
प्रश्न जुना आहे आणि चांगला आहे. पतसंस्थेच्या कर्जाला जामीनदार असतो ना, तो स्वखुशीने जामीन राहतो आणि कर्जदार थकला की भरतो. बायबलमधल्या इब्री लोकांस पत्रात येशूला जामीनच म्हटलंय. इथे तर जामीनदार परका माणूसही नाही. ख्रिस्ती विश्वासात देणं देवाचं आहे आणि ते भरायला देवच माणूस होऊन येतो. अकराव्या शतकाच्या शेवटी अन्सेल्म या ख्रिस्ती धर्मपंडिताने हेच मांडलं: देणं माणसाचं, फेडण्याची ताकद फक्त देवाची. म्हणून कोणा तिऱ्हाइताला पकडून शिक्षा दिली असं होत नाही.

तळ्याकाठचा:
बरं, मानलं. पण जामीनदाराने पतसंस्थेचं खातं मिटवलं. बायकांचं खातं वेगळं आहे, ते अजून उघडंच आहे.

होटगीरोडकर:
अगदी हेच! बायबलच्या गणना या पुस्तकात ५:७ काढून बघा. पाप कबूल करायचं, मूळ रक्कम पूर्ण परत करायची आणि वर पाचवा हिस्सा द्यायचा.

रेल्वेलाइन_कॅथलिक:
आमच्याकडे पापकबुलीनंतर फादर क्षमा देतात, पण चोरलेलं परत करण्याचं बंधन त्याने सुटत नाही. १९९९ मध्ये जर्मनीत ऑग्सबुर्गला कॅथलिक आणि लुथरन (लूथरला मानणाऱ्या) चर्चने एका जाहीरनाम्यावर एकत्र सही केली. माणूस देवाला स्वीकार होतो तो केवळ कृपेने, स्वतःच्या पुण्याईने नव्हे, आणि तीच कृपा त्याला सत्कृत्यांकडे नेते, असं त्यात स्पष्ट आहे. हा वाद ज्यांच्यात शतकानुशतकं पेटला त्यांनीच हे लिहिलंय.

फक्त_कृपा:
कृपा सत्कृत्यांकडे नेते हे मी कधी नाकारलं? पण आधी पैसे, मग तारण, असं कोणी त्याला सांगितलं तर मी विरोध करणारच. तो आज रिक्षा चालवतो, घर भाड्याचं आहे. माझ्या माहितीप्रमाणे त्यातल्या एक आजी वारल्यासुद्धा. त्यांचं काय करणार?

होटगीरोडकर:
महिन्याला जमेल तेवढं द्यावं. आजींचे पैसे त्यांच्या मुलीला द्यावेत. माणूस हयात नसेल तर जवळच्या नातेवाइकाला, हे गणना ५:८ मध्येच आहे. आणि अट म्हणून नको हे मला मान्य आहे. जक्कयालाही कोणी अट घातली नव्हती.

विडी_घरकुल:
माझी मावशी त्या भिशीत होती. त्याला क्षमा मिळाली की नाही, यावर ती एक शब्द बोलत नाही, देवाचं देव बघेल म्हणते. तिचं म्हणणं एवढंच की भिशीची वही अजून त्याच्याकडे आहे. पोरीच्या लग्नासाठी हप्ते भरत होती, किती भरले ते तिला लिहितावाचता येत नसल्याने सांगता येत नाही. पैसे नंतर दे, आधी वही दाखव.

फक्त_कृपा:
ताई, वहीचं मला माहीत नव्हतं. वही त्याने दाखवलीच पाहिजे, त्यावर माझा वाद नाही. रविवारी उपासनेनंतर मी स्वतः त्याच्याशी बोलतो.