दापोलीत बंगला घेऊन भाड्याने द्यायचा, की उगाच डोक्याला ताप?

गोदाकाठी :
नमस्कार मंडळी. आम्ही नाशिकचे, मी पंचेचाळीस, मुलगी बारावीला. मे महिन्यात दापोलीजवळ लाडघरला चार दिवस राहून आलो तेव्हापासून घरात दुसरा विषय नाही. तिथेच एका स्कीममध्ये दोन बेडरूमचा बंगला मिळतोय, ६२ लाख सांगतोय, थोडा खाली येईल. २० आमच्याकडे आहेत, बाकीचं लोन, हप्ता ३७ हजाराच्या आसपास बसतोय. बिल्डर म्हणतो वर्षातून पंधरा दिवस तुम्ही राहा, बाकी आम्ही भाड्याने देऊ, हप्ता आरामात निघेल, लेटरहेडवर लिहून पण देतो. म्हातारपणी तिकडेच राहायचा विचार आहे. नाशिकहून गाडीने आठ-नऊ तास लागतात एवढीच एक शंका. घ्यावा का?

हिशोबनीस :
"एवढीच एक शंका" वाचून हसू आलं, रागावू नका. वर्षात शनिवार-रविवारच्या रात्री शंभरेक, त्यातून जून ते सप्टेंबर काढा, उरल्या सत्तर. त्याही सगळ्या भरत नाहीत पण दिवाळी, नाताळ, मे महिना धरून नशीब जोरात असेल तर ९० रात्री. पाच हजाराने साडेचार लाख. त्यातून बुकिंग ॲपचं कमिशन, केअरटेकर महिना दहा हजार म्हणजे तिथेच १ लाख २०, लाइट, लाँड्री, मेंटेनन्स, दर एक-दोन वर्षांनी रंग. हातात दोन-सव्वादोन लाख. हप्ता वर्षाचा ४ लाख ४४ हजार. उरलेले कोण भरणार, समुद्र? आणि टॅक्स वाचेल असं कोणी सांगितलं असेल तर सीएला विचारा, नवीन टॅक्स रिजीममध्ये घराचा तोटा, म्हणजे भाड्यापेक्षा जास्त गेलेलं व्याज, पगारातून वजा करता येत नाही.

कौलारू :
वर हिशोब बरोबर आहे पण अर्धाच आहे. आम्ही सोलापूरचे, म्हणजे तुमच्यासारखेच लांबचे. २०१७ला दापोलीजवळच आंजर्ल्याला जुनं चिऱ्याचं घर घेतलं, कर्ज नाही. २०२० साली ३ जूनला निसर्ग वादळ आलं, लॉकडाऊन, आम्ही सोलापुरात अडकलेलो, फोन लागत नाही, गावात कित्येक दिवस लाइट नाही. पोचलो तेव्हा छप्पर अर्धं उघडं आणि माड आडवा पडलेला पडवीवर. पण शेजारच्या काकूंनी उडालेल्या कौलांतली धड कौलं वेचून पडवीच्या कोपऱ्यात नीट थप्पी लावून ठेवली होती, फुटकी वेगळी. कोणी सांगितलं नव्हतं त्यांना. त्या दिवशी पगारी माणूस बंद केला आणि घर त्यांच्याच ताब्यात दिलं, पगार नाही, बुकिंगच्या पैशातला तिसरा हिस्सा, जेवणाचे पैसे पूर्ण त्यांचे. आधीच्या माणसाला गेस्ट आले काय नाही आले काय सारखंच होतं. आता काकूंचा मुलगा स्वतः फोन करतो, "दादा ह्या वीकेंडला रिकामं हाय, कोणाला सांगा की". लोक सुरमईच्या ताटासाठी परत येतात, घरासाठी नाही. तेव्हा घ्या, पण आधी माणूस शोधा, मग घर.

हिशोबनीस :
@कौलारू, सगळं मान्य, पण "कर्ज नाही" हे दोन शब्द इतके हळूच टाकलेत तुम्ही. हप्ता नसेल तर मीही उद्या निघतो आंजर्ल्याला. आणि तिसरा हिस्सा गेल्यावर आमच्या नाशिककरांचा हप्ता अजूनच निघत नाही.

कौलारू :
हो मग! मी कुठे म्हटलं हप्ता निघेल. मी म्हणतोय घर टिकेल.

विकून_मोकळा :
घेऊ नका. माझा होता त्याच पट्ट्यात, चार वर्षं. एक प्रसंग सांगतो. रात्री अकराला पुण्यात माझा फोन वाजतो, गेस्ट बाथरूममध्ये डोक्याला शाम्पू लावून उभा आणि पाणी गेलेलं. केअरटेकरला फोन केला तर तो हळदीला गेलाय कुठल्यातरी वाडीवर, म्हणतो "पंपाचं काय तरी झालंय, सकाळी बघतो". मी पुण्यातून त्या गेस्टला विहिरीवरून बादली कशी काढायची ते सांगतोय. त्याने एकच स्टार दिला, देणारच ना. आणि पावसाळ्यानंतर पहिल्यांदा दार उघडायचं म्हणजे... गाद्यांना हिरवी बुरशी, कपाटाच्या मागे वाळवीने काढलेली मातीची नळी छतापर्यंत, इन्व्हर्टरची बॅटरी मेलेली, एसीचं बाहेरचं युनिट खाऱ्या हवेने खाल्लेलं. दरवर्षी गणपतीनंतर हेच. विकायला काढला तर दीड वर्ष गिऱ्हाईक नाही, जे आले ते फोटो काढून गेले.

हर्णैकर :
मी तिथलाच, म्हणून जरा कडू बोलतो. तुम्ही लोक मे महिन्यात येता, समुद्र बघता आणि टोकन देऊन जाता. त्याच मे महिन्यात आमच्याकडे कितीतरी वाड्यांत टँकर चालू असतो, तुम्हाला दिसत नाही कारण हॉटेलवाला रात्री भरून घेतो. त्या स्कीमची विहीर एप्रिलच्या शेवटी जाऊन बघा, झाकण काढून, बोअरचं पाणी चाखून बघा, किनाऱ्याजवळ मचूळ लागतं. मग कागद. जमीन शेतीची असेल तर शेतकरी दाखल्याशिवाय तुमच्या नावावर होणारच नाही, बिगरशेती आदेश बघायला मागा, "प्रोसेसमध्ये आहे" चालणार नाही. इकडच्या सातबाऱ्यावर एकेका तुकड्याला पंधरा-वीस नावं, त्यातली निम्मी मुंबईत, एक कुठेतरी आखातात, आणि कुळाचं नाव असेल तर वेगळीच कथा, म्हणून जुने फेरफार पण काढा. भरतीरेषेपासून किती लांब ते मोजून घ्या, गावच्या भागात बहुतेक ठिकाणी २०० मीटरच्या आत सीआरझेडची, म्हणजे किनारपट्टीच्या नियमांची, बांधकामाला बंदी असते. आठापेक्षा जास्त बंगले असतील तर महारेराचा, म्हणजे सरकारी गृहप्रकल्प नोंदणीचा, नंबर पाहिजेच. आणि लेटरहेडवरची भाड्याची हमी म्हणजे माडावरचा नारळ पाहुण्याला दान.

रस्ता_आशावादी :
सगळे घाबरवतायत नुसते. मुंबई-गोवा हायवेवरचा कशेडीचा बोगदा सुरू झाला, घाट वाचला, रेवस-रेडी सागरी मार्गाचे पूल होतायत. दहा वर्षांनी हाच बंगला दुप्पट असेल, भाडं हा बोनस समजा.

हिशोबनीस :
मुंबई-गोवा हायवेचं चौपदरीकरण २०११ला सुरू झालं तेव्हाही हेच ऐकलं होतं. दहा वर्षं हप्ता भरून दुप्पट झाला तर व्याज धरून तुम्ही जेमतेम बरोबरीत याल.

पाहुणीच_बरी :
आमची पद्धत सांगते. वीस लाख एफडीत, सात टक्के धरले तर वर्षाला १ लाख ४०. त्यात एकदा दापोली, एकदा तारकर्ली, एकदा गोवा, आणि गादीला बुरशी आली तर आपण एक स्टार देऊन यायचं. माझ्या नवऱ्यालाही घर हवं होतं, कारण काय तर "आपलं" म्हणता येतं. ते मात्र एफडीवर येत नाही हे मान्य, सासूबाईंचं माहेर गुहागरचं, त्या अजून विकलेल्या वाडीतल्या सुपाऱ्या मोजतात.

गोदाकाठी :
सगळ्यांचे आभार, झोप उडवलीत. बायकोने सगळे प्रतिसाद वाचले, तिला फक्त काकूंची कौलं आवडली. बिल्डरला आज फोन करून बिगरशेती आदेश मागितला तर म्हणाला "साहेब, तुम्ही तर तलाठ्यासारखं बोलायला लागलात", पाठवतो म्हणालाय. हमी करारनाम्यात टाका म्हटलं तर लाइन कट झाली, परत लागला नाही. लोनवर घेणं बहुतेक कॅन्सल. २० लाखात आतल्या गावात एखादं जुनं घर मिळतं का बघतो, समुद्र दिसला नाही तरी चालेल असं मी म्हणालो, घरी अजून पटलेलं नाही. जुलैत चार दिवस येऊन राहणार आहोत, मुद्दाम.

हर्णैकर :
या. छत्री आणू नका, उलटी होते. आणि येताना माणूस शोधायला आलोय असं कोणाला सांगू नका, सगळा गाव दारात उभा राहील.