उतरा, पण घड्याळ सांभाळून

क्रूझवर बार्सिलोना बंदर आलं की पाकीटमारांच्या भीतीने आई-बाबांना जहाजावरच बसवून ठेवू का, असं एकाने विचारलंय. अहो, उतरू द्या की! ला रांब्ला या तिथल्या गजबजलेल्या रस्त्यावर पाकीटमार आहेत, पण ठाण्याहून सकाळची फास्ट पकडणाऱ्याला खिसा कसा सांभाळायचा हे काय शिकवायचं? सॅक पुढे घ्यायची, बस्स.

मला धास्ती वेळेची. रोमसाठी जहाज चिवितावेक्या बंदरात लागतं, तिथून रोम साधारण ८० किलोमीटर. आपलं आपण गेलात आणि परतीची गाडी रखडली, तर जहाज थांबत नाही. जहाजाच्याच सहलीची बस उशिरा आली तर सहसा थांबतं. आम्ही धापा टाकत पोचलो तेव्हा वीस मिनिटं उरली होती. बायको अजून ऐकवते! शिवाय फोनवर स्थानिक वेळ दिसते, जहाजाची वेगळी असू शकते. बंदरातल्या एजंटचा, म्हणजे जहाज कंपनीच्या तिथल्या प्रतिनिधीचा, नंबर कागदावर लिहून खिशात ठेवा.