[लेस्टर मंडळ-गप्पा] गाडीच्या टपावरचा टीव्ही एरियल: भोक पाडायचं की चिकटवायचं?

बापू:

मंडळी, गाडीचं सगळ्यांना माहीत आहेच. ड्युकॅटो व्हॅनच्या सांगाड्यावर बांधलेली राहायची गाडी (कोचबिल्ट), टप फायबरचा. मेअखेरच्या बँक हॉलिडेच्या सुट्टीत डोंगराळ लेक डिस्ट्रिक्टला जायचं ठरलंय, त्याआधी टीव्हीचा एरियल बसायला हवा. दुकानदार म्हणतो गोल डब्याचा घ्या, चौफेर पकडतो, फिरवायची कटकट नाही. अण्णा फोनवर म्हणाले गोल म्हणजे पैसे पाण्यात. नाना म्हणतात काहीही घ्या, पण टपाला भोक पाडू नका. शनिवारी काम करायचंय. आता कोणाचं ऐकू?

अण्णा:

बापू, लेक डिस्ट्रिक्टला जायचं असेल तर दिशेचाच घ्या, म्हणजे एकाच बाजूचं पकडणारा, दांडीवाला.

आपला लेस्टरचा वॉल्थम, शेजारचा सटन कोल्डफील्ड, तिकडचे विंटर हिल आणि कॉल्डबेक हे मोठे ट्रान्समीटर सगळे आडव्या ध्रुवीकरणाचे, म्हणजे त्यांच्या लहरी आडव्या. डोंगराआड सिग्नल पोचवायला जे छोटे रिले, म्हणजे सिग्नल पुढे पाठवणारे मनोरे, असतात ते बहुतेक उभे. एरियलच्या काड्या आडव्या आणि सिग्नल उभा, असं झालं की १५ ते २० डेसिबल (सिग्नलच्या ताकदीचं माप) तिथल्या तिथे गेले. ते नंतर कशानेही परत येत नाहीत. दांडीवाला आतूनच वर ढकलता येतो, फिरवता येतो आणि काड्या उभ्या करता येतात. स्टेटसचा घ्या नाहीतर दुसरा कुठलाही, पण कलण्याची सोय आहे ना ते बघून घ्या.

गोल डबा चौफेर ऐकतो हे खरं, म्हणजे समोरच्या कड्यावरून आदळून आलेलाही ऐकतो. त्याची स्वतःची वाढ (गेन) शून्याच्या आसपास, कधी त्याखाली. दिशेचा सहज ८-१० डेसिबल देतो. गोल डब्यात ॲम्प्लिफायर असतो म्हणून तो चालेल, हा दुकानदारी हिशेब आहे. ॲम्प्लिफायर सिग्नलबरोबर गोंगाटही तेवढाच वाढवतो, वर स्वतःचा थोडा मिसळतो.

उभा की आडवा हे कळायला मीटर लागत नाही. साइटच्या आसपासच्या घरांच्या छपरांवर बघा, लोकांच्या काड्या कशा आणि तोंड कुठे ते दिसतं. आणि रिलेवर बीबीसी, आयटीव्ही, चॅनल ४, ५ आणि त्यांची काही भावंडं एवढंच. सहापैकी तीनच मल्टिप्लेक्स, म्हणजे चॅनलचे गठ्ठे, तिथे असतात. 'अर्धे चॅनल गेले' म्हणून एरियल उचकटू नका.

बंटी:

काका लोक, हा सगळा खटाटोप कशाला? ४जी/५जी राउटर घ्या, टपावर त्याचा छोटा अँटेना लावा, टीव्ही स्मार्ट असतोच. शिवाय मराठी चॅनल फ्रीव्ह्यूवर, म्हणजे एरियलवरच्या फुकट टीव्हीवर, नाहीतच. आई-बाबांना मालिका बघायच्या तर नेट लागणारच.

अण्णा:

बंटी, एचडी स्ट्रीमिंग तासाला २-३ जीबी खातं. चार माणसं, पावसाळी संध्याकाळ आणि दरीत मोबाइलची एकच काडी, मग बघ मालिका. ज्या डोंगराने टीव्ही अडतो त्यानेच मोबाइलही अडतो. फरक एवढाच की टीव्हीसाठी तिथे रिले उभा केलेला असतो.

तू राउटरचा विषय काढलास ते मात्र बरं झालं, कारण खरी भानगड तिथे आहे. टीव्हीचा पट्टा आता चॅनल २१ ते ४८, म्हणजे ४७० ते ६९४ मेगाहर्ट्झ. त्याच्या वरचा भाग मोबाइलला दिला, आधी ८०० मेगाहर्ट्झचा, मग २०२० मध्ये टीव्हीने रिकामा केलेला ७००चा. टपावर टीव्हीच्या एरियलपासून दोन फुटांवर राउटरचा अँटेना लावलात तर तो या पट्ट्यांत प्रक्षेपण करणार आणि टीव्हीचा ॲम्प्लिफायर गुदमरणार. लक्षण अगदी ठरलेलं: टीव्ही ताकद ९०-१०० टक्के दाखवतो आणि गुणवत्ता शून्य. ६९४च्या वरचं कापणारा फिल्टर हवा, आणि तो ॲम्प्लिफायरच्या आधी हवा. नंतर लावून उपयोग नाही, घाण आत जाऊन मिसळलेली असते. गोल डब्यात ॲम्प्लिफायर आतच असतो, म्हणजे आधी फिल्टर लावायला जागाच नाही. कंपनीने आत घातला असेल तर ठीक. पाकिटावर नुसतं '४जी फिल्टर' लिहिलं असेल तर ते ८००चं जुनं असू शकतं, ५जी लिहिलेलं बघा. राउटरचा अँटेना टपाच्या दुसऱ्या टोकाला.

नाना:

अण्णांचं रेडिओशास्त्र चालू द्या. टपाचं मी बोलतो.

'भोक पाडू नका' असं मी म्हणालो नव्हतो. 'बघितल्याशिवाय पाडू नका' म्हणालो होतो. फायबरचा टप म्हणजे वर फायबरचा पातळ पत्रा, मध्ये फोम, खाली प्लायचं आतलं छत. साधारण ३० मिमी, पण प्रत्येक गाडीचं वेगळं, मोजायचं. हे सँडविच आरपार नट-बोल्टने आवळलं की फोम चेपतो, वरच्या पत्र्यात खळगा पडतो, त्यात पाणी साचतं. पुढच्या हिवाळ्यात ते गोठलं की सीलंट उचलतं. गळती पहिल्या पावसात दिसत नाही. दिसते तेव्हा प्लाय काळा पडलेला असतो.

म्हणून चिकटवायचा गोल डबा हा माझा पहिला पर्याय. स्क्रू नाही, एकही भोक नाही. वायर सोलरच्या ग्लँडमधून, म्हणजे वायरी आत नेणाऱ्या पाणीबंद तोंडातून, आत. बापूंच्या टपावर सोलरचा दोन तोंडांचा ग्लँड आहे, त्यातलं एक तोंड मोकळं असणार.

बापू:

नाना, मोकळं नाही. एकात प्लस, एकात मायनस.

नाना:

मग भोक आलंच. १२ मिमीचं एक. तरीही ते दांडीच्या भोकापेक्षा बरं.

अण्णा:

नाना, कोरडा टप आणि बंद टीव्ही, अशी ही व्यवस्था. भोक १२ मिमीचं असो की दांडीएवढं, गळायचं तर दोन्ही गळणार. सील नीट करायचं की नाही एवढाच प्रश्न. तुमचं काम गळत नाही हे सगळ्यांना ठाऊक आहे, मग मोठ्या भोकाला का भिता?

माई:

दोघेही थांबा जरा. बापू, आधी ओलावा मोजा. दोन सुयांचा मीटर आतल्या छताला, स्कायलाइटच्या चारी बाजूंनी आणि कडेच्या सांध्यांवर लावायचा. १५ टक्क्यांखाली असेल तर पुढे जा. २०च्या वर असेल तर एरियल विसरा, आधी स्कायलाइटचं सील. आणि पाणी शिरण्याची वॉरंटी शिल्लक असेल तर डीलरकडून भोकाची लेखी परवानगी घ्या, नाहीतर ती संपली समजायची.

आता १२ व्होल्टचं, कारण त्याबद्दल कोणी बोलणार नाही आणि रविवारी सगळे मलाच विचारणार.

ॲम्प्लिफायरला लेझर (leisure) बॅटरीकडून, म्हणजे राहण्याच्या भागाच्या बॅटरीकडून, वेगळी, १ अँपिअरच्या फ्यूजची जोडणी. दिव्यांच्या वायरीवर टांगू नका. स्विच हाताशी, लाल दिवा दिसेल असा. ५० मिलिअँपिअर म्हणजे दिवसाला सव्वा अँपिअर-तास, गाडी महिनाभर उभी राहिली तर बॅटरी खाली. चार्जिंगला बॅटरी १४.४ व्होल्टपर्यंत जाते, तेव्हा टीव्ही १२ व्होल्टचा असला तरी तेवढं सोसणारा आहे का ते मागच्या पट्टीवर वाचा. नसेल तर मध्ये रेग्युलेटर.

चित्राचे चौकोन दिसायला लागले तर एरियलला दोष देण्याआधी एकेक गोष्ट बंद करून बघा: स्वस्त एलईडी दिवे, सिगरेट सॉकेटमधला यूएसबी चार्जर, सोलरचा एमपीपीटी कंट्रोलर (पॅनेलमधून बॅटरी चार्ज करणारा डबा). हे तिघं यूएचएफमध्ये, म्हणजे टीव्हीच्या लहरींच्या पट्ट्यात, भरपूर कचरा टाकतात. दिवा बदलणं हा इलाज. वायरीवर फेराइटचा चिमटा कधी लागू पडतो, कधी नाही. एरियलची वायर त्यांच्या वायरींना समांतर नेऊ नका, ओलांडायची तर काटकोनात.

बंटी:

माई, गाडीत टीव्ही बघायला वेगळं लायसन्स लागतं का?

माई:

घरचं असेल तर नाही. फिरत्या गाडीला घरचंच चालतं. एका जागी रोवलेल्या स्टॅटिक कॅरॅव्हॅनचा नियम वेगळा, ते तुझ्या मामांना विचार.

बापू:

ओलावा मोजला. सगळीकडे १०-१२. वॉरंटी संपलेली. अण्णांचं ऐकतो, दांडीचा घेतो. नाना, रागावू नका. भोक कुठे पाडू? मला टीव्हीच्या बरोब्बर वर सोपं वाटतंय.

नाना:

रागवायचं काय त्यात, शनिवारी मी आहेच. पण टीव्हीच्या वर नको. दांडी आत खाली येते, तिचा मुठीचा भाग डोक्याला लागतो. कपाटातून उतरवा, लटकणाऱ्या कपड्यांच्या मागे, पण हात सहज पोचला पाहिजे, कारण रोज वर-खाली करणार तुम्ही.

टपावर तीन गोष्टी बघायच्या. एरियल खाली घेतल्यावर त्याची पाती पूर्ण गोल फिरली तरी स्कायलाइटच्या झाकणाला लागता कामा नये, झाकण उघडं धरून मोजा. सोलर पॅनेलच्या दक्षिण-उत्तरेचा विचार करू नका, गाडी कशीही उभी राहते. पॅनेलपासून शक्य तेवढं लांब, कारण एका कोपऱ्यावरच्या सावलीनेही पॅनेलचा मोठा भाग झोपतो. आणि टपाचा सगळ्यात खोलगट भाग टाळा.

आतून बोटाने वाजवत जा. पोकळ आवाज म्हणजे फोम, भरीव म्हणजे लाकडी पट्टी. पट्टीच्या मधोमध भोक पडलं तर पट्टी तुटते, फोममध्ये या. छतातली दिव्याची वायर कुठून गेलीय ते दिवा काढून बघा. फ्यूज काढूनच ड्रिल.

आधी आतून ३ मिमीचं सरळ आरपार. मग वर जाऊन खात्री करा की जागा तीच आहे. मोठ्या भोकाचा व्यास डब्यातल्या कागदी साच्यावरून घ्या, मनाने नाही. होलसॉ (गोल भोक कापणारी करवत) वरून चालवा, फायबरवर मास्किंग टेप लावून, हळू वेगात, नाहीतर वरचा थर टवके उडून निघतो. अर्धं झालं की उरलेलं आतून, म्हणजे प्लायच्या कडा फाटत नाहीत. मास्क आणि गॉगल, फायबरची धूळ वाईट.

आता मुख्य काम, हे गाळू नका. भोकाच्या कडेने १० मिमी फोम वाकड्या खिळ्याने खरवडून काढा, खाली टेपने बंद करा आणि त्या खाचेत घट्ट इपॉक्सी (वाळून कडक होणारा गोंद) भरा. दुसऱ्या दिवशी परत होलसॉ फिरवा. आता भोकाभोवती दगडासारखं कडं तयार झालं. आवळलं तरी चेपत नाही आणि सील सुटलं तरी पाणी फोमपर्यंत जात नाही. आतून ६ मिमी प्लायची चकती, भोकाच्या दुप्पट व्यासाची, दाब पसरायला.

अण्णा:

नाना, म्हणजे काम एका शनिवारचं नाही.

नाना:

नाहीच. शुक्रवारी संध्याकाळी भोक आणि इपॉक्सी, शनिवारी बाकीचं.

सीलंटला सिकाफ्लेक्स ५१२ नाहीतर ५२१ यूव्ही. व्हिनेगरचा वास येणारं बाथरूमचं सिलिकॉन आणलंत तर मी निघून जाईन. ते धातूला गंज आणतं आणि एकदा लागलं की त्यावर पुढे काहीच चिकटत नाही. टप आयसोप्रोपिल अल्कोहोलने पुसा. ॲसिटोन नको, एरियलच्या तळाच्या प्लॅस्टिकला तडे जातात. तळाला सीलंटचं सलग वळं द्या, शेवट सुरुवातीवर चढवून. पहिल्यांदा हलकंच आवळायचं, वळं चपटं होऊन कडेने थोडं बाहेर येईल इतपत. जोर लावलात तर सगळं सीलंट बाहेर आणि आत कोरडं. २-३ मिमी जाडी आत राहिली पाहिजे. दुसऱ्या दिवशी आतली रिंग पाव वेढा अजून. ५ अंशांखाली किंवा ओल्या टपावर हे करायचं नाही. पाऊस असेल तर पुढचा शनिवार.

अण्णा:

वायरीचं राहिलं. ७५ ओमची, तांब्याची तार, तांब्याची फॉइल आणि वर जाळी, डब्ल्यूएफ-१०० जातीची. डब्यात येणारी बारीक तपकिरी वायर टाकून द्या. चार-पाच मीटरमध्ये चांगल्या वायरीत जेमतेम १ डेसिबल जातो, पण बारीक वायरीची जाळी विरळ असते आणि माईंचा तो एलईडीचा कचरा तिथूनच आत शिरतो. दांडीच्या खाली एक मोठा वेटोळा सैल ठेवा, फिरवताना वायर ओढली जाता कामा नये. मधली तार त्यानेच आतल्या आत तुटते आणि वरून काहीच दिसत नाही.

वायरीच्या टोकाचा एफ-कनेक्टर करताना जाळीचा एक केस जरी मधल्या तारेला लागला तरी ॲम्प्लिफायरचा वीजपुरवठा शॉर्ट आणि लाल दिवा विझलेला. तार कनेक्टरच्या कडेबाहेर २-३ मिमी, जास्त नाही.

साइटवर पोचल्यावर क्रम असा: ॲम्प्लिफायर चालू, वाढ निम्म्यावर, काड्या शेजाऱ्यांसारख्या, तोंड त्यांच्याच दिशेला, मग ट्यूनिंग. आधीच्या गावाचे चॅनल पुसून नव्याने. नंतर ताकद नाही, गुणवत्ता बघत एरियल थोडा थोडा फिरवा आणि प्रत्येक वेळी दोन-तीन सेकंद थांबा, टीव्हीचा आकडा मागून येतो. ट्रान्समीटर जवळ असेल तर वाढ कमी करा.

माई:

आणि निघताना एरियल खाली. स्टिअरिंगला अडकवायची पाटी करा, किल्ली लावायला गेलं की हाताला लागली पाहिजे. गाडीची उंची एरियल खाली घेऊन नव्याने मोजा आणि समोर काचेवर लिहा. कागदपत्रातला आकडा एरियल बसवण्याआधीचा आहे.

बापू:

ठरलं. इपॉक्सी, ५१२, वायर मागवलं. होलसॉचा संच मात्र मंडळाच्या पेटीत दिसत नाही.

माई:

तो गणपतीच्या मखरासाठी नेला होता, परत आलेला नाही. ज्यांच्याकडे आहे त्यांना माहीत आहे. गुरुवारपर्यंत बापूंच्या दारात ठेवावा, मधल्या ३ मिमीच्या ड्रिलसकट.