बिलिरुबिन पित्तात ‘आपोआप’ जात नाही

बिलिरुबिन म्हणजे जुन्या लाल रक्तपेशी मोडताना तयार होणारं पिवळं द्रव्य. यकृतपेशीत त्याला ग्लुकुरोनिक आम्ल जोडलं की ते पाण्यात विरघळतं आणि आपोआप पित्तात उतरतं, असा एक समज आहे. पहिला भाग अगदी बरोबर आहे. ‘आपोआप’ मात्र नाही. जोडणीनंतर त्या रेणूला पेशीचं स्निग्ध आवरण स्वतःहून ओलांडताच येत नाही.

दोन यकृतपेशींच्या मध्ये साधारण १ मायक्रॉन रुंदीची पित्तनलिका असते. तिच्याकडच्या आवरणात एमआरपी२ हा पंप बसलेला असतो. तो एटीपी (पेशीचं ऊर्जा-इंधन) खर्चून बिलिरुबिन ग्लुकुरोनाइड (म्हणजे आम्ल जोडलेलं बिलिरुबिन) आणि ग्लुटाथायोन हा छोटा रेणू जोडलेली संयुगं नलिकेत ढकलतो, तीही कमी प्रमाणाकडून जास्त प्रमाणाकडे. मागोमाग पाणी येतं, म्हणजे पित्ताच्या प्रवाहालाही या पंपाचा हातभार लागतो. पित्तक्षारांसाठी बीएसईपी हा वेगळा पंप आहे.

एमआरपी२ जन्मतःच निकामी असेल तर डुबिन-जॉन्सन सिंड्रोम होतो. १९५४ साली वर्णन झालेल्या या विकारात जोडणी व्यवस्थित होते, पण माल पेशीतच अडकतो. मग रक्ताकडच्या बाजूचा एमआरपी३ हा दुसरा पंप तो उलट रक्तात सोडतो. म्हणून रिपोर्टमध्ये डायरेक्ट (म्हणजे जोडणी झालेलं) बिलिरुबिन वाढलेलं आणि एएलटी, अल्कलाइन फॉस्फटेज ही यकृताच्या तपासणीतली एन्झाइम्स सहसा नॉर्मल दिसतात. यकृत काळसर पडतं, तरी विकार निरुपद्रवी आहे आणि उपचार लागत नाहीत. गरोदरपणात किंवा गर्भनिरोधक गोळ्यांमुळे कावीळ ठळक होऊ शकते, हे मात्र रुग्णाला आधीच सांगायला हवं.